पुणे ते चोपडा विजेच्या गाडीने: हायवे सोपा आहे, मळा अवघड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ४५ युनिट बॅटरीची गाडी, मे महिना, पुण्याहून चोपड्याजवळ मामांच्या मळ्यात लग्नासाठी चार दिवस मुक्काम, मध्ये एक दिवस तोरणमाळ, सोबत आई-वडील धरून पाच माणसं. गाडी कागदावर साडेचारशेच्या वर पळते, अंतरही साडेचारशेच्या आसपास, मग रस्त्यात एकदा चार्ज करून भागेल की दोनदा, आणि कुठे?

दोनदा. एकदा नाशिकच्या पुढेमागे, एकदा धुळ्यात. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण तुमचं गणित हायवेपुरतं आहे आणि खानदेशात विजेची गाडी हायवेवर सहसा अडकत नाही. ती अडकते मामांच्या ओट्यावर, कुलरच्या प्लगपाशी.

मी जळगावचा, धंदा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा. चार वर्षांपासून विजेची गाडी वापरतो. कामं रावेरपासून नवापूरपर्यंत असतात, त्यामुळे खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांतले चार्जर आणि त्याहून जास्त लोकांच्या घरातले प्लग पाहिले आहेत. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं.

आधी रस्त्याचं गणित. किलोमीटर विसरा, युनिटमध्ये विचार करा, घरच्या बिलासारखा. तुमच्याकडे ४५ युनिट आहेत. ८०-८५ने चालवलीत तर एका युनिटला सात किलोमीटरच्या आसपास मिळतील. शंभरने चालवलीत तर साडेपाच. पाच माणसं, डिकीत लग्नाच्या बॅगा आणि मे महिन्यातला एसी धरून मी तुमच्यासाठी सहा धरतो. म्हणजे पूर्ण बॅटरीवर २७०. तळाचे १५-२० टक्के हातचे ठेवायचे, मग उरतात सव्वादोनशे. कागदावरचा आकडा चाचणीचा, तो तिथेच राहू द्या.

एसीची मात्र उगीच भीती घेऊ नका. पंचेचाळीस अंशांत तो तासाला दीड-दोन युनिट खातो. ताशी ८० किलोमीटर जात असाल तर ते सहन होतं. ट्रॅफिकमध्ये तास गेला तर गाडी जागेवर आणि एसी चालू, तिथे टक्के गळतात. रेंज वाचवायला म्हणून म्हाताऱ्या माणसांना भुसावळच्या उन्हात काचा खाली करून बसवणारे मी पाहिले आहेत. त्यापेक्षा वेग शंभरवरून ८५वर आणा, दुप्पट वाचेल.

दुसरी भीती घाटाची. इथे जरा थांबतो, कारण खानदेशची ठेवणच तशी आहे. खानदेश म्हणजे तापीचं खोरं. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, उत्तरेला सातपुडा. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, धुळं अडीचशेवर, तर संभाजीनगर साडेपाचशेच्या वर आणि नाशिक सहाशेच्या घरात. म्हणजे दक्षिणेकडून खानदेशात येताना गाडी उतरते आणि परत जाताना चढते, मग तुम्ही अजिंठ्याचा घाट घ्या, कन्नडचा घ्या, नाहीतर चांदवडजवळचा राहुड. इंदूरकडे निघालात तर शिरपूरनंतर पळासनेर सोडलं की बिजासनचा चढ. सपाट बाहेर पडायचं तर पूर्वेला मलकापूर-अकोल्याच्या बाजूने.

पण या चढाची किंमत किती? पाच माणसांसकट तुमची गाडी एकोणीसशे किलो धरा. ती चारशे मीटर उचलायला साधारण दोन-सव्वादोन युनिट लागतात. बॅटरीच्या पाच टक्के. बस्स. लोक घाटाच्या नावाने घाबरतात आणि त्याच घाटाच्या आधी सपाट रस्त्यावर ११०ने पळवून १५ टक्के घालवतात. येताना उताराचे तीन टक्के परत मिळतात. जाताना पाच द्यावे लागतात. म्हणून येतानाचा हिशोब परतीला जसाच्या तसा लावू नका, एवढाच घाटाचा धडा.

घाटापेक्षा वारा महाग आहे आणि तो कोणी धरतच नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही शोभेला नाहीत. उन्हाळ्यात दुपारनंतर आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पश्चिमेकडून वारा सुटतो तो तापीच्या खोऱ्यातून सरळ येतो. तुम्ही ८५ने पश्चिमेकडे निघालात आणि समोरून २०चा वारा असेल, तर गाडीच्या नाकाला तो १०५चा लागतो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो जवळजवळ दीडपट झाला. जूनमध्ये मी धुळ्याहून नवापूरला जाताना कोंडाईबारीच्या आधीच अंदाजापेक्षा आठ टक्के कमी झालो होतो. गाडीत काही बिघडलं की काय म्हणून उतरून टायर तपासले. टायर ठीक होते. शेजारच्या शेतात लिंबाचं झाड एका बाजूला वाकलं होतं, ते पाहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला. चोपड्याहून तोरणमाळला जाताना तुम्हीही पश्चिमेलाच जाणार आहात, म्हणून सकाळी लवकर निघा.

आता रस्ता कोणता. दोन पर्याय आहेत: नगर-संभाजीनगर-अजिंठा-जळगाव किंवा नाशिक-मालेगाव-धुळे-अमळनेर. अंतरात फार फरक नाही. आई-वडिलांना अजिंठ्याची लेणी दाखवायची असतील तर पहिला घ्या, नाहीतर दुसरा. कारण साधं आहे. धुळ्यात तीन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात, नाशिकचा ६०, सोलापूर-इंदूरचा ५२ आणि सुरत-नागपूरचा ५३. जिथे वाहनांची गर्दी तिथे चार्जर, आणि एक बंद निघाला तर दुसरा जवळ.

पुण्याहून १०० टक्क्यांवर निघा. नाशिक २१० किलोमीटर, ३५ युनिट जातील, २०-२२ टक्क्यांवर पोहोचाल. तिथे जेवा, ८५पर्यंत भरा. नाशिक ते धुळे दीडशेच्या थोडं वर आणि एकूण उतार, २३ युनिटच्या आसपास. धुळ्याला ३०-३५ टक्के उरतील. चार्जर अगदी सुरुवातीचाच गाठायचा असं नाही, पण एक नियम पाळा. ज्या चार्जरवर जायचं ठरवलंय तो बंद निघाला तर त्याच्या पुढचा किंवा मागचा गाठता येईल एवढे टक्के हातात असले पाहिजेत. हायवेवर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं असं केंद्र सरकारने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं होतं. असावं आणि असतं यात जे अंतर आहे ते तुमच्या बॅटरीत धरा.

ॲपवर चार्जर हिरवा दिसतो याचा अर्थ तो इंटरनेटला जोडलेला आहे, इतकाच. त्याच्यावर शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते बघा. काल-परवा झाली असेल तर भरवसा ठेवा, पंधरा दिवसांपूर्वी असेल तर फोन करा. फोन कंपनीच्या मदत केंद्राला नको, तिथली ताई 'सिस्टीमला चालू दाखवतंय' म्हणणार. चार्जर ज्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात आहे तिथे करा. आणि प्रश्न असा विचारा: 'आज कोणी गाडी लावली का?' 'चार्जर चालू आहे का' विचारलं की आपल्याकडे सगळे हो म्हणतात. लाईट आहे का तेही विचारा. फास्ट चार्जरला जनरेटरचा आधार क्वचित असतो, आणि बऱ्याच भागांत देखभालीसाठी आठवड्यातला एखादा ठरावीक दिवस लाईट बंद ठेवतात. तो वार पंपावरच्या पोराला पाठ असतो.

दोन-तीन कंपन्यांची ॲप घरीच उतरवून, पैसे भरून, एकदा पुण्यातच वापरून बघा. धुळ्याबाहेर भर दुपारी चार्जरची गन हातात धरून ओटीपीची वाट बघणं हा अनुभव घेण्यासारखा नाही.

दुपारची आणखी एक गोष्ट. दोनशे किलोमीटर पळून आलेली बॅटरी तापलेली असते, बाहेर ४४ अंश, आणि पत्र्याचीही सावली नसलेला चार्जर स्वतःही तापलेला असतो. अशा वेळी ६० किलोवॅटचा चार्जर ३०-३५च देतो. चार्जर खोटा नाही, दोघंही स्वतःला जपताहेत. माझं उन्हाळ्यातलं वेळापत्रक म्हणून पहाटे चारला सुरू होतं. तुम्ही पहाटे निघालात तर धुळ्याला दुपारी एकच्या आत पोहोचाल, तरी तिथे पाऊण तासाचा एक तास धरा. शेवभाजी मागवा. ती तिखट असते, तिला वेळ लागतोच.

धुळ्यात किती भरायचं? सगळीकडे सांगतात की ८० टक्क्यांवर निघा, कारण त्याच्या पुढे चार्जिंग मंद होतं. हा सल्ला हायवेवर बरोबर. पण गावात शिरण्याआधीच्या शेवटच्या शहरात तो मोडायचा. धुळ्याहून अमळनेरमार्गे चोपडा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, १२ युनिट. धुळ्यात ९० करून निघालात तर मळ्यात साठच्या वर टक्के घेऊन उतराल. मग पहिल्या रात्री प्लग चालला नाही तरी घाई नाही, दुसऱ्या दिवशी शांतपणे सोय करता येते. १५ टक्के घेऊन उतरलात तर पाहुणे म्हणून जाल आणि वायरमन शोधत फिराल.

आता मळ्यातला प्लग.

गाडीसोबत जो छोटा चार्जर येतो त्याला १५-१६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो. त्यातून तासाला अडीच-तीन युनिट जातात. म्हणजे साठवरून शंभरवर जायला सात-आठ तास, एक रात्र. हे सगळं तेव्हा, जेव्हा प्लगच्या मागे नीट वायर असेल, व्होल्टेज असेल आणि अर्थिंग असेल. मळ्यात तीनही असणं म्हणजे लॉटरी.

अर्थिंगपासून सुरू करतो, कारण नव्वद टक्के वेळा अडतं तिथेच. गाडीचा चार्जर प्लगमध्ये लावला की आधी अर्थ तपासतो. नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. पंखा, टीव्ही, कुलर यांना अर्थ नसला तरी ते चालतात, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे आणि तुमचीच गाडी नाटकं करते आहे. मी उघडून पाहिलेल्या प्लगांमध्ये तिसऱ्या भोकाला मागे वायरच नाही, हा नेहमीचा प्रकार. यावल तालुक्यात एका घरी अर्थची वायर होती, छान हिरवी, नळाच्या पाइपाला घट्ट बांधलेली. पाइप पीव्हीसीचा होता.

आणि अर्थिंग असलं तरी मे महिन्यात ते असेलच असं नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात इतकी सुकते की भेगांत हात जातो. जमिनीत गाडलेल्या सळईचा मातीशी संबंधच तुटतो. दोन वर्षांपूर्वी जामनेरकडे एका नातलगांच्या घरी असंच झालं. जानेवारीत ज्या प्लगवर गाडी चार्ज केली होती, त्याच प्लगवर मे महिन्यात लाल दिवा. रात्रीचे दहा वाजलेले. मी ओट्याशेजारी अर्थिंगची सळई शोधली, भोवतालची माती टिकावाने मोकळी केली, खडा मीठ मागितलं. वहिनींनी बारीक मिठाचा पुडाच आणून दिला, म्हटलं तेही चालेल. त्यावर दोन बादल्या पाणी हळूहळू सोडलं. आजी ओट्यावरून बघत होत्या, म्हणाल्या, सळईले कितला दिनमा पालवी फुटी? वीस मिनिटांनी परत प्लग लावला, दिवा हिरवा. रात्रभर चार्ज झाली. पण हा एका रात्रीचा उपाय. पक्कं काम म्हणजे खड्डा, त्यात कोळसा-मीठ, नीट प्लेट किंवा रॉड, आणि तिथून प्लगपर्यंत स्वतंत्र वायर.

इथे एक ठाम गोष्ट. गावातला एखादा हुशार वायरमन म्हणेल, 'अर्थ नाही ना, न्यूट्रललाच जोडून देतो, दिवा हिरवा होईल.' होईल, खरंच होईल. चार्जर फसतो. पण पुढे कुठे न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटला, आणि आपल्याकडच्या डीपींवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) तो तुटतोच, की ती लाईट थेट गाडीच्या पत्र्यावर येते. दाराला हात लावणारं पोर कोणाचंही असू शकतं. असा प्लग दिसला तर गाडी चार्ज न करता तशीच उभी ठेवा.

दुसरी गोष्ट वायर. कुलरच्या प्लगमागे बहुतेक एकची नाहीतर दीडची, म्हणजे तेवढ्या चौरस मिलिमीटर जाडीची वायर असते. कुलर दोनशे वॅट खातो, तुमचा चार्जर तीन हजार, आणि तोही सलग आठ तास. गाडी घेतली त्या पहिल्याच वर्षी मी स्वतः ही चूक केली, धंदा हाच असून. एक तर उशीर झाला होता, त्यात यजमानांनी 'लावा हो बिनधास्त' म्हटलं. मध्यरात्री जळका वास आला. प्लगचं प्लास्टिक वितळून चार्जरच्या पिनांना चिकटलं होतं. तेव्हापासून नियम: लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावायचा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच, त्यातून मोबाइल चार्ज करा. मळ्यात चार दिवस राहणार आहात, तर मामांना आधीच सांगा: मीटरपासून थेट चारची वायर, जास्त भार आला तर पडणारा २० अँपिअरचा एमसीबी, शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी, चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा सॉकेट, आणि वर सांगितलं तसं अर्थिंग. अर्ध्या दिवसाचं काम आहे. खर्च तुम्ही द्या, लग्न झाल्यावर तो प्लग गिरणीला नाहीतर गिझरला कामी येईल.

तिसरं व्होल्टेज. संध्याकाळी सात ते दहा या वेळात गावात २३०चे १८० होतात. त्यात तुमच्या मामांकडे लग्न, म्हणजे रोषणाई, मांडवातले पंखे, पाण्याची मोटार. चार्जर चालू होईल, बंद होईल, परत चालू होईल. भांडत बसू नका. गाडीत वेळ लावायची सोय असेल तर रात्री साडेअकराची लावा आणि झोपा. प्लगमध्ये लावून व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो आणि अर्थिंग तपासणारा तीन दिव्यांचा टेस्टर सोबत ठेवा. दोन्ही मिळून हजाराच्या आत येतात आणि सगळ्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतात. मीटरवर २६० दिसले तर गाडी लावूच नका, डीपीवर न्यूट्रलचा घोळ आहे.

'मळा' हा शब्द तुमच्या प्रश्नात वाचला तेव्हाच माझे कान टवकारले होते. गावठाणातलं घर आणि मळ्यातलं घर यांच्या लायटीत फरक असतो. गावठाणाचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून येणारी लाइन, बहुतेक ठिकाणी वेगळा केलेला आहे, तिथे लाईट दिवसभर असते. मळ्यातलं घर शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री फेज पाळीने, दिवसा किंवा रात्री ठरावीक तास, आणि एरवी जी सिंगल फेज सोडतात ती दिव्यापंख्यापुरती. तिच्यावर तीन किलोवॅटचा भार टाकलात तर शेजारच्या चार मळ्यांतले दिवे मंद होतील आणि कोणाच्या गाडीमुळे ते सगळ्यांना लगेच कळेल. त्यामुळे मामांना पहिला प्रश्न हा विचारा: घर कोणत्या फीडरवर आहे? शेतीच्या असेल तर गावात कोणाकडे तरी रात्री गाडी लावायची सोय बघा. भाचा आलाय म्हटल्यावर गावात चार घरं पुढे येतील.

मामा म्हणतील, 'एवढं कशाला, विहिरीवर मोटारीची लाईट आहे, तिथून लावू.' नको. कायद्याने शेतीपंपाची जोडणी पंपापुरती. तिच्यावर गाडी चार्ज करणं हा विद्युत कायदा २००३च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर, आणि दंडाचं बिल तुम्हाला नाही, मामांना येईल. शिवाय मोटारीच्या पेटीत बहुतेक वेळा न्यूट्रल नसतोच. एक फेज घेऊन दुसरं टोक जमिनीत खोचून दिवा लावायची पद्धत आपल्या शेतांत सर्रास आहे. दिवा लागतो. गाडीचा चार्जर तिथे एक तर चालणार नाही, नाहीतर जळेल.

पैशांचं एक सांगतो. एका रात्रीत वीस युनिट गेले तर चार दिवसांत साठ-ऐंशी होतात, आणि घरगुती बिलात शंभर युनिटच्या वर दर चढतो. मामा पैसे घेणार नाहीत. मामींच्या हातात द्या.

तोरणमाळ. चोपड्याहून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने शिरपूर, मग शहादा, शंभरच्या थोडं पुढे. शहाद्याहून तोरणमाळ ५५ आणि त्यात हजार मीटरची चढण. मळ्यातून १०० टक्क्यांवर निघालात तर शहाद्याला ६३-६४ उरतील. वर जायला १४ युनिट: आठ अंतराचे, सहा चढाचे. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत वीज भरते, चढाचे निम्म्याहून जास्त परत मिळतात, त्यामुळे उतरायला निव्वळ पाचच. म्हणजे शहाद्यात परत आलात की २० टक्क्यांच्या आसपास. इथून चोपडा पुन्हा शंभर किलोमीटर, ते चार्ज केल्याशिवाय होणार नाही. शिरपूर किंवा शहाद्यात फास्ट चार्जर त्या दिवशी सकाळी चालू असल्याची फोनवर खात्री झाली तर एका दिवसात जाऊन या. नाहीतर शहाद्यात मुक्काम करा, पार्किंगमध्ये पॉवर प्लग देणारं लॉज आधी फोन करून ठरवा. तिसरा पर्याय, त्या दिवशी मामांची डिझेल गाडी घ्या. यात कमीपणा काही नाही, मीही घेतो.

वर मोबाइलला रेंज नसते, असली तरी एका दगडावर असते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि कधी वरच्या मुक्कामात गाडी चार्ज करायची वेळ आली तर १०० करू नका, ८५वर थांबा. भरलेल्या बॅटरीला उतारावरची वीज घ्यायला जागा नसते, मग मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. हजार मीटर उतरताना ते कळतं.

मध्येच बंद पडली तर? पारोळ्याजवळ माझी पडली होती, मोठ्या बॅटरीत ६० टक्के असताना. बारा व्होल्टची छोटी बॅटरी गेली होती. ती गेली की गाडी जागीच होत नाही. पाच मिनिटांत ट्रॅक्टर थांबला, दोर निघाला, कपाशीच्या शेतातून चौघंजण आले. ओढायच्या आधी पहिला प्रश्न: "हाई गाडी एक चार्जमा कितली पयस भो?" (ही गाडी एका चार्जमध्ये किती पळते भाऊ?) मी दोराला हात घालून नको नको म्हणतोय आणि त्यांना वाटतंय हा माणूस भिडस्त आहे. विजेची गाडी चाकांवर ओढायची नसते. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करते, ती वीज कुठे जावी हे बंद गाडीत कोणी ठरवत नाही. फक्त आडव्या गाडीवर, म्हणजे फ्लॅटबेडवर चढवायची. शेवटी त्याच ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंपर केबल लावून गाडी जागी केली. जंपर केबल ठेवा. स्टेपनी आहे का तेही डिकी उघडून बघा, बऱ्याच विजेच्या गाड्यांत ती नसते, नुसतं पंक्चरचं किट असतं.

परतीला मळ्यातून १०० टक्क्यांवर निघा आणि धुळ्यातच पुन्हा ९५पर्यंत भरा, येताना जेवढं लागलं त्याहून दहा टक्के जास्त धरून. राहुडचा चढ आहे, लग्नातून मिळालेले डबे असतील, आणि केळीचा एखादा घड मामा डिकीत टाकल्याशिवाय राहणार नाहीत. निघायच्या आधी मात्र एक काम आजच करा. मामांना सांगून प्लगचे, मीटरच्या पेटीचे आणि अर्थिंगच्या जागेचे फोटो मागवा, आणि मीटरवरची वायर कितीची आहे ते वायरमनला विचारायला सांगा. ते फोटो आले की मला पाठवा, मग त्या प्लगवर गाडी लावायची की नाही ते सांगतो.